रूस लोकांचा बाप्तिस्मा : एक दिवस आणि एक शतक

‘इ. स. ९८८ मध्ये रशियाचा बाप्तिस्मा झाला’ असे एक वाक्य ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या पुस्तकांत सर्रास आढळते. पाठ करण्यास ते सोयीचे आहे. परंतु त्यातील तीन पदे, म्हणजे रशिया, बाप्तिस्मा आणि ९८८, एकेक करून तपासली, तर प्रत्येकाखाली एक मोठा प्रश्न दडलेला दिसतो. ज्यांचा बाप्तिस्मा झाला ते लोक आजच्या अर्थाने रशियन नव्हते. त्या वर्षाच्या शंभराहून अधिक वर्षे आधी त्यांच्यात ख्रिस्ती होते. आणि त्या वर्षानंतर दीडशे वर्षे उलटली, तरी नदीत उतरलेल्यांचे वंशज अंतःकरणाने किती ख्रिस्ती झाले आहेत, ही चिंता तेथील धर्मगुरूंनाच लागून राहिली होती.

सुवार्ता एका संस्कृतीतून दुसऱ्या संस्कृतीत जाते, ती नेमकी कशाच्या आधाराने? राजाज्ञेच्या, उपासनेच्या, भाषेच्या की शिक्षणाच्या? हा प्रश्न धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्या रोजच्या कामातला आहे. बायझंटाईन ख्रिस्तसभा आणि रूस लोक यांच्या इतिहासात त्याचे उत्तर बरेच स्पष्टपणे वाचता येते, म्हणून तो येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

रूस कोण होते?

बाल्टिक समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत पसरलेल्या नद्यांच्या मार्गांनी व्यापार व लूट या दोन्ही हेतूंनी हिंडणाऱ्या लोकांना नवव्या शतकात ‘रूस’ हे नाव होते. त्यांचे पुढारी मूळचे स्कँडिनेव्हियाचे. फ्रँक लोकांच्या राजवृत्तांत इ. स. ८३९ ची एक नोंद आहे. बायझंटाईन सम्राट थिओफिलस याने आपल्या वकिलांसोबत काही माणसे सम्राट लुई याच्या दरबारी पाठविली. ती स्वतःस ‘ऱ्होस’ म्हणवीत होती. चौकशीअंती ती स्वीडनची निघाली. हे लोक ज्यांच्यावर राज्य करू लागले ती प्रजा मात्र बहुतांशी स्लाव होती, आणि काही पिढ्यांत राज्यकर्तेही प्रजेत मिसळून गेले. इगोर आणि ओल्गा ही राजा-राणीची नावे स्कँडिनेव्हियन आहेत. त्यांच्या पुत्राचे स्व्यातोस्लाव हे नाव शुद्ध स्लाव आहे. एका पिढीत किती अंतर कापले गेले, हे त्या नावावरूनच ध्यानी येते. उत्तरेस नोवगोरोद आणि नीपर नदीच्या काठी कीव्ह ही त्यांची प्रमुख ठाणी. आजचे रशिया, युक्रेन व बेलारूस हे तिन्ही देश आपला वारसा त्या राज्यापर्यंत नेऊन भिडवितात, म्हणून आम्ही या लेखात ‘रशियन’ न म्हणता ‘रूस’ हेच जुने नाव वापरले आहे.

या लोकांच्या दक्षिणेस बायझंटाईन साम्राज्य होते, म्हणजे रोमन साम्राज्याचा टिकून राहिलेला पूर्वभाग. त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, भाषा ग्रीक आणि धर्म ख्रिस्ती. तेथील लोक स्वतःस रोमन म्हणवीत. १८ जून ८६० रोजी रूस लोकांच्या जहाजांचा ताफा या राजधानीवर अकस्मात चालून आला. सम्राट मोहिमेवर गेलेला होता. त्या संकटात तेथील पॅट्रिआर्क, म्हणजे ख्रिस्तसभेचे सर्वश्रेष्ठ धर्माध्यक्ष, फोटियस यांनी भयभीत जनतेपुढे दिलेली दोन प्रवचने आजही उपलब्ध आहेत. रूस आणि बायझंटियम यांची ओळख झाली ती अशी, तलवारीच्या धारेवर.

पुढे लुटीची जागा बव्हंशी व्यापाराने घेतली. सम्राट सातवा कॉन्स्टंटाईन याने दहाव्या शतकाच्या मध्यास आपल्या पुत्रासाठी लिहिलेल्या राजनीतिपर ग्रंथात रूस व्यापाऱ्यांच्या प्रवासाचे तपशीलवार वर्णन केले आहे. एका अखंड खोडातून कोरलेल्या नावा, नीपरवरील धोकादायक धबधबे, तेथे नावा खांद्यावरून वाहून नेण्याचे कष्ट आणि काठावर टपून बसलेले पेचेनेग टोळीवाले, हे सारे त्यात आले आहे. हे व्यापारी कातडी, मेण व मध आणीत; आणि हेही सांगितले पाहिजे की ते माणसेही विकावयास आणीत. कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्यांना शहराच्या तटाबाहेर संत मामस यांच्या नावाच्या वस्तीत राहावे लागे. शहरात शिरावयाचे ते एकाच वेशीतून, निःशस्त्र, आणि एका वेळी पन्नासांहून अधिक नाही, असा करार होता. भीती आणि गरज या दोन्हींवर उभे असलेले हे शेजारपण होते.

९८८ पूर्वीचे ख्रिस्ती

इ. स. ८६७ मध्ये फोटियस यांनी पूर्वेकडील इतर पॅट्रिआर्कांना लिहिलेल्या पत्रात, सात वर्षांपूर्वी चालून आलेल्या या लोकांनी आता ख्रिस्ती धर्म स्वीकारून धर्माध्यक्षही मान्य केला असल्याचे कळविले आहे. हे पहिले बीज फारसे रुजलेले दिसत नाही. पण ते पुरते मेलेही नाही. इ. स. ९४४ च्या सुमारास झालेल्या तहाची संहिता कीव्हच्या प्राचीन इतिवृत्तात जतन झाली आहे. त्या तहाची शपथ घेताना रूस लोकांतील मूर्तिपूजकांनी पेरून या मेघगर्जनेच्या देवापुढे शस्त्रे ठेविली, आणि त्यांच्यातील ख्रिस्ती लोकांनी कीव्हमधील संत एलिया यांच्या चर्चमध्ये शपथ घेतली. म्हणजे राजा ख्रिस्ती होण्याच्या चव्वेचाळीस वर्षे आधी त्याच्या राजधानीत चर्च होते.

इगोरच्या मृत्यूनंतर राज्यकारभार पाहणाऱ्या राणी ओल्गा यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि सम्राज्ञीचे हेलेना हे नाव धारण केले. कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारातील त्यांच्या स्वागताचे वर्णन त्या काळच्या राजशिष्टाचाराच्या ग्रंथात आहे. इ. स. ९५९ मध्ये त्यांनी जर्मन राजा ओटो याच्याकडेही बिशप मागितला होता. त्यानुसार आडालबेर्ट नावाचे बिशप इ. स. ९६१ मध्ये आले, पण त्यांचे काही चालले नाही आणि पुढल्याच वर्षी ते परतले. पूर्व आणि पश्चिम यांची ताटातूट तेव्हा अजून पुरी झालेली नव्हती, हे येथे लक्षात ठेवावे.

ओल्गा यांना आपल्या पुत्राचे मन मात्र वळविता आले नाही. आपण बाप्तिस्मा घेतला तर आपले सैनिक आपल्याला हसतील, असे उत्तर स्व्यातोस्लावने दिल्याचे इतिवृत्त सांगते. हे उत्तर आपल्यापैकी पुष्कळांनी निराळ्या शब्दांत ऐकलेले आहे. लोक काय म्हणतील, ही अडचण दहाव्या शतकातही होतीच.

व्लादिमीरचा निर्णय

स्व्यातोस्लावचा पुत्र व्लादिमीर भावाचा काटा काढून कीव्हच्या गादीवर आला. प्रारंभी त्याने जुन्या धर्मालाच राजाश्रय दिला. आपल्या वाड्याबाहेरच्या टेकडीवर त्याने पेरूनची लाकडी मूर्ती उभारली. तिचे मस्तक चांदीचे आणि मिशा सोन्याच्या होत्या. इ. स. ९८३ मध्ये बळी देण्यासाठी चिठ्ठी टाकली असता ती एका ख्रिस्ती रहिवाशाच्या मुलावर पडली. बापाने मुलगा देण्यास नकार दिला आणि दोघेही मारले गेले. रूस भूमीवरील हे पहिले ज्ञात रक्तसाक्षी होत.

त्यानंतर पाचच वर्षांनी व्लादिमीर ख्रिस्ती झाला. हे कसे घडले, याचे दोन वृत्तांत आहेत. पहिला बाराव्या शतकाच्या आरंभी आकारास आलेल्या कीव्हच्या इतिवृत्तातला. त्यानुसार मुसलमान, यहुदी, लॅटिन व ग्रीक अशा चारही धर्मांचे प्रतिनिधी व्लादिमीरपुढे आले. मग त्याने आपले दूत पाठवून प्रत्येकाची उपासना पाहून येण्यास सांगितले. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया मंदिरातील उपासना पाहून दूत इतके भारावले, की आपण पृथ्वीवर आहोत की स्वर्गात याचेच त्यांना भान उरले नाही.

दुसरा वृत्तांत अरबी व आर्मेनियन भाषांतील ख्रिस्ती इतिहासकारांच्या लिखाणातून जुळवावा लागतो, आणि तो अगदी व्यवहारी आहे. इ. स. ९८७ मध्ये सम्राट दुसरा बासिल याच्याविरुद्ध सेनापती बार्डास फोकास याने बंड केले. हातघाईस आलेल्या सम्राटाने रूस लोकांची मदत मागितली. व्लादिमीरने सम्राटाची बहीण अ‍ॅना हिचा हात मागितला. बासिलने बाप्तिस्म्याची अट घातली. सौदा ठरला, ६,००० रूस योद्धे गेले, आणि इ. स. ९८९ मध्ये अबिडोसच्या रणांगणावर बंडखोर मेला. व्लादिमीरने या धामधुमीत क्रिमियातील खेर्सोन हे बायझंटाईन नगर घेतले. त्याने बाप्तिस्मा नेमका कोठे घेतला याविषयी इतिवृत्तकाराच्या काळीच मतभेद होते आणि त्याने ते प्रामाणिकपणे नोंदविले आहेत. बाप्तिस्म्याचे नाव त्याने सम्राटाचेच, म्हणजे बासिल, घेतले.

या दोहोंपैकी खरे कोणते, असा प्रश्न वर्गात हमखास विचारला जातो. आम्ही असे सुचवितो, की दुसऱ्या वृत्तांतावरून व्लादिमीर त्या घटकेला ख्रिस्ती का झाला हे समजते, आणि पहिल्यावरून त्याच्या वंशजांनी त्या घटनेचा अर्थ काय लावला हे समजते. शे-सव्वाशे वर्षांनी त्या लोकांना आपल्या श्रद्धेचे मूळ तहनाम्यात दिसले नाही. ते उपासनेच्या सौंदर्यात दिसले. एखादा मनुष्य चर्चमध्ये प्रथम का आला आणि पुढे का राहिला, या दोन कारणांतही असेच अंतर असते.

व्लादिमीरच्या आचरणात पडलेला फरक इतिवृत्त आवर्जून सांगते. जे आजारी लोक वाड्यापर्यंत येऊ शकत नसत, त्यांच्यासाठी भाकरी, मांस, मासे व मध गाड्यांत भरून नगरात फिरविण्याची त्याने व्यवस्था केली. दरोडेखोरांस देहदंड देणे पाप ठरेल की काय, या विचाराने तो अडला. तेव्हा शासन करणे हे राजाचे कर्तव्यच आहे, असे बिशपांना त्यास समजवावे लागले.

परक्या धर्माची आपली भाषा

कीव्हमध्ये पेरूनची मूर्ती घोड्याच्या शेपटीस बांधून फरफटत नेली, बारा माणसांनी तिला काठ्यांनी बडविले आणि ती नीपरमध्ये लोटली. दुसऱ्या दिवशी जो नदीवर येणार नाही तो राजाचा शत्रू समजला जाईल, अशी दवंडी पिटली गेली. ही सक्ती होती, आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. अशा रीतीने आलेला धर्म टिकला कसा, हे मात्र पाहिले पाहिजे. आमच्या मते त्याचे मोठे कारण सव्वाशे वर्षे आधी, निराळ्याच देशात घडले होते.

इ. स. ८६३ च्या सुमारास थेस्सलनीका येथील दोन भाऊ, कॉन्स्टंटाईन (पुढे मठवासी झाल्यावर सिरिल) आणि मेथोडियस, बायझंटियमहून मध्य युरोपातील मोराव्हियास गेले. स्लाव भाषेसाठी सिरिल यांनी लिपी रचली आणि दोघांनी शुभवर्तमान व उपासनाविधी त्या भाषेत आणले. देवाची स्तुती हिब्रू, ग्रीक व लॅटिन या तीनच भाषांत करावी, असे म्हणणाऱ्यांशी सिरिल यांना व्हेनिस येथे वाद करावा लागला. न समजणाऱ्या भाषेतील प्रार्थनेविषयी पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायाचा आधार त्यांनी त्या वेळी घेतला. पोप दुसरे एड्रियन यांनी त्यांच्या स्लाव ग्रंथांना मान्यता दिली. १४ फेब्रुवारी ८६९ रोजी सिरिल रोममध्येच निवर्तले.

इ. स. ८८५ मध्ये मेथोडियस वारले आणि त्यांच्या शिष्यांना मोराव्हियातून हाकलून देण्यात आले. डोळ्यांना दिसणाऱ्या फळाच्या दृष्टीने हे मिशनकार्य फसले होते. पण ते शिष्य नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या बल्गेरियात गेले. तेथे अनुवाद व अध्यापन यांची केंद्रे उभी राहिली, आणि ग्रीक अक्षरांवर आधारलेली, आज सिरिलिक म्हणून ओळखली जाणारी लिपी प्रचारात आली. व्लादिमीरची प्रजा नदीत उतरली तेव्हा तिला समजेल अशा भाषेतील शुभवर्तमान, स्तोत्रे आणि प्रवचने जवळजवळ तयारच होती. पेरणाऱ्यांनी एका शेतात पेरले आणि पीक दुसऱ्याच शेतात उभे राहिले.

शाळा, मठ आणि प्रश्न

बाप्तिस्म्यानंतर व्लादिमीरने प्रतिष्ठित घराण्यांतील मुले उचलून अक्षरविद्या शिकण्यास घातली. त्यांच्या आया मुले मेल्यागत रडल्या, असे इतिवृत्तकार लिहितो. इ. स. ९९६ मध्ये कीव्हचे दशांश चर्च पूर्ण झाले. राजाने आपल्या उत्पन्नाचा दहावा भाग त्यास नेमून दिला. व्लादिमीरचा पुत्र यारोस्लाव याने लेखक-अनुवादक जमविले आणि कीव्हमध्ये संत सोफियाचे महामंदिर बांधविले. त्याच्या भिंतींवर ग्रीक कारागिरांच्या परंपरेतील कुट्टिमचित्रे आजही झळकत आहेत. याच शतकात संत अँथनी आणि संत थिओडोसियस यांनी कीव्हचा गुहामठ नावारूपास आणला, आणि धर्माला राजवाड्याबाहेरचा आधार मिळाला. इ. स. १०५१ मध्ये हिलारियन हे मेट्रोपॉलिटन, म्हणजे रूस ख्रिस्तसभेचे मुख्य धर्माध्यक्ष झाले. त्या पदावर आलेले ते पहिले स्वदेशीय. नियमशास्त्र आणि कृपा यांवरील त्यांचे प्रवचन वाचले, की एका पिढीत हे लोक किती मोठी मजल मारू शकले याचे नवल वाटते.

पण ही झाली मोजक्या लोकांची कथा. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात नोवगोरोदमध्ये एक मांत्रिक उभा राहिला आणि ख्रिस्ती धर्माची निंदा करू लागला. बिशप क्रूस घेऊन पुढे आले आणि विश्वास ठेवणाऱ्यांनी क्रुसाकडे यावे असे त्यांनी सांगितले. तेव्हा राजपुत्र ग्लेब व त्याचे शिपाई तेवढे बिशपांच्या बाजूस गेले. सारी जनता मांत्रिकामागे उभी राहिली. ग्लेबने कुऱ्हाडीने मांत्रिकास ठार केले आणि लोक घरोघर गेले. इतिवृत्तकाराने हा विजय म्हणून सांगितला आहे. आम्हांस तो ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक अत्यंत केविलवाणा प्रसंग वाटतो. बाप्तिस्म्यास जवळजवळ शंभर वर्षे होत आली असता बिशपांच्या पाठीशी फक्त शस्त्रधारी होते.

त्याच नोवगोरोदमधील दुसरे चित्र बाराव्या शतकातील आहे. संत अँथनीच्या मठातील किरिक नावाच्या मठवासीयाने बिशप निफोन (इ. स. ११३०–११५६) यांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे यांचा एक संग्रह आपल्यापर्यंत पोहोचला आहे. काही लोक अजूनही रोद आणि रोझानित्सा या कुलदैवतांना भाकरी, पनीर व मध वाहतात, त्यांचे काय करावे? आजारी मुलांना मांत्रिकाकडे नेणाऱ्या आयांना कोणते प्रायश्चित्त द्यावे? दीक्षार्थीची तयारी किती दिवस घ्यावी? परक्या जमातीच्या माणसासाठी चाळीस दिवस, स्लाव माणसासाठी आठ दिवस, असे त्याचे प्रमाण तेथे नोंदलेले आहे. धर्मगुरूच्या वस्त्रास एखाद्या स्त्रीच्या कापडाचे ठिगळ लागले तर ते घालून उपासना चालवावी काय, असेही एकाने विचारले आहे. बिशपांनी होकार देऊन, स्त्री अशुद्ध आहे काय, असा उलट प्रश्न त्यास केला.

नोवगोरोदच्या मातीनेही आपली साक्ष दिली आहे. इ. स. १९५१ पासून तेथे भूर्जपत्रावर कोरलेल्या चिठ्ठ्या सापडू लागल्या. त्यांची संख्या आता हजारावर गेली आहे. इ. स. २००० मध्ये अकराव्या शतकाच्या प्रारंभीच्या, मेण लावलेल्या लाकडी पाट्या मिळाल्या. त्यांवर स्तोत्रसंहितेचा मजकूर आहे. तेराव्या शतकातील ओन्फीम नावाच्या लहान मुलाने भूर्जपत्रावर अक्षरे गिरविली, घोडेस्वाराचे चित्र काढले आणि मध्येच स्तोत्रांतील शब्दही लिहिले. कुऱ्हाडीने जे झाले नाही ते कोठे होत होते, हे त्या पाट्यांवर दिसते.

उणी बाजू

या वारशाची एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. उपासना समजणाऱ्या भाषेत मिळाल्यामुळे ग्रीक शिकण्याची निकड फार थोड्यांना भासली. अनुवादित झाले ते मुख्यतः उपासनाग्रंथ, प्रवचने, संतचरित्रे आणि धर्मनियम. ग्रीक तत्त्वज्ञान आणि पूर्वेकडील आचार्यांचे गहन ईशज्ञान बहुतांशी मागेच राहिले. मंगोल आक्रमणापर्यंतच्या अडीचशे वर्षांत हिलारियन आणि इ. स. ११४७ मध्ये निवडलेले क्लिमेंट हे दोघे सोडल्यास मेट्रोपॉलिटनपदावर बहुधा ग्रीकच येत राहिले. मातृभाषेतील प्रार्थना ही मोठी देणगी होय. पण तिच्या जोडीला मातृभाषेतील विचार वाढला नाही, तर श्रद्धा भक्तीत समृद्ध आणि विवेचनात दुबळी राहण्याचा धोका असतो.

इ. स. १२४० मध्ये मंगोलांनी कीव्ह उद्ध्वस्त केले. राज्य गेले, उपासना उरली. कॉन्स्टँटिनोपलही इ. स. १४५३ मध्ये पडले, इ. स. १५८९ मध्ये मॉस्कोस स्वतंत्र पॅट्रिआर्क मिळाला. पुढे एकाच जलकुंडाच्या वारसदारांत तेढ वाढत गेली. इ. स. २०१८ मध्ये युक्रेनच्या प्रश्नावरून मॉस्कोने कॉन्स्टँटिनोपलशी सहभागिता तोडली. इ. स. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर पूर्ण आक्रमण केले. दोन्ही बाजूंस व्लादिमीरला संत मानणारे लोक आहेत. राज्यकर्त्याच्या हातून आलेल्या श्रद्धेवर राज्यकर्ते पुन्हा पुन्हा हक्क सांगू लागतात, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

व्लादिमीरचे नाव सर्वांस ठाऊक आहे, किरिकचे फार थोड्यांना. परंतु व्लादिमीरने एका दिवशी जे आरंभिले ते तडीस नेण्याचे काम किरिकसारख्यांच्या वाट्यास आले. त्याने लोकांच्या चुलीजवळचे, पाळण्याजवळचे आणि देव्हाऱ्याजवळचे प्रश्न लाज न धरता टिपून घेतले आणि आपल्या बिशपांपुढे ठेविले. आमच्या धर्मशिक्षक बंधुभगिनींना आमची एक साधी सूचना आहे. आपल्या धर्मग्रामात लोक खरोखर जे प्रश्न विचारतात, त्यांची एक वही ठेवावी, आणि वर्षातून एकदा ती आपल्या धर्मगुरूंसमवेत बसून वाचावी. दीक्षेच्या तयारीस आठ दिवस पुरेत की चाळीस, याचे उत्तर त्या वहीतच मिळेल.